या चुका टाळा: दिवाळीच्या फराळातून शिकूया कामाचं नियोजन

एका वर्षी आमच्या घरी अनारसे तळले ते भाऊबीज होऊन पाहुणे परत गेल्यावर. कुणी आळस केला होता असं नाही. त्या आठवड्यात घरातलं कुणीच रात्री बाराच्या आत झोपलं नव्हतं. चकल्या, चिवडा, लाडू, शंकरपाळे सगळं वेळेत डब्यात गेलं. अनारशांचे तांदूळ मात्र धनत्रयोदशीच्या सकाळी भिजत पडले, आणि तिथून पुढे कितीही धावपळ केली तरी काही होण्यासारखं नव्हतं.

पुढे नोकरीत प्रोजेक्टचं वेळापत्रक करायला शिकले, तेव्हा हीच चूक मोठमोठ्या कामांत पुन्हा पुन्हा दिसली. माणसं राबत असतात, पण जे काम सगळ्यात आधी सुरू व्हायला हवं होतं ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. म्हणून नियोजन शिकू पाहणाऱ्यांना मी फराळापासून सुरुवात करायला सांगते. तारीख पक्की असते, माणसं घरचीच असतात आणि चूक झाली तर ती खाता येते.

पदार्थांच्या यादीला नियोजन समजणं

फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं: चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, करंजी, अनारसे. ही झाली शेवटी हातात काय यायला हवं याची यादी. करायचं काय, ते यात कुठेच नाही. ‘चकली’ या एका शब्दात डाळ-तांदूळ निवडणं, धुणं, सावलीत वाळवणं, भाजणं, गिरणीतून भाजणी दळून आणणं, पीठ भिजवणं, चकल्या पाडणं आणि तळणं अशी आठ कामं दडलेली आहेत. त्यातली पहिली पाच पंधरा दिवस आधी उरकली तरी काही बिघडत नाही. शेवटची तीन मात्र एकाच बैठकीत व्हायला हवीत.

प्रत्येक पदार्थ असा फोडून लिहा. ‘हे आज कोण करणार आणि झालं हे कसं कळणार’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं की तिथे थांबा. त्याहून बारीक फोडलंत तर कागद सांभाळण्यातच दिवस जाईल.

त्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे फराळ कुणासाठी आणि कधी हवा. ज्या घरातून मुलीला किंवा भावाला परदेशी डबा जातो, त्या घराला दोन मुदती असतात. एक अभ्यंगस्नानाची सकाळ, दुसरी पार्सल कुरिअरकडे देण्याचा दिवस. ही दुसरी कितीतरी आधी येते, आणि बहुतेक घरांत ती आदल्या रात्री आठवते.

हाताचं काम आणि वाट पाहणं यांत गल्लत

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

अनारशांना हाताचं काम किती? तांदूळ निथळून फडक्यावर पसरणं, ओलसर असतानाच वाटणं, चाळणं, गूळ मिसळून मळणं, आणि शेवटी खसखशीवर थापून तळणं. सगळं मिळून तीनेक तास. म्हणून मनात ‘एका संध्याकाळचं काम’ अशी नोंद होते. पण तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत, रोज पाणी बदलून. तयार पीठ निदान चार-पाच दिवस मुरायला हवं. तीन तासांच्या कामाला आठवडाभराहून जास्त कॅलेंडर लागतं.

उपाय एकच, शेवटापासून मागे मोजत यायचं. समजा अभ्यंगस्नान ८ नोव्हेंबरला आहे आणि अनारसे ५ तारखेला तळायचे आहेत. पाच दिवस मुरायचे म्हणजे पीठ ३१ ऑक्टोबरला तयार हवं. त्यामागे तीन दिवस भिजवण म्हणजे तांदूळ २८ ऑक्टोबरला पाण्यात पडले पाहिजेत. हा दिवस कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी. फराळाची सुरुवात त्या दिवशी होते, कढई गॅसवर चढते त्या दिवशी नाही.

एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या अशा सगळ्यात लांब साखळीला प्रोजेक्टवाले ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी बसवली. त्यांचा मुद्दा स्वयंपाकघरातही तसाच लागू पडतो: लांब साखळीतलं काम एक दिवस लांबलं की अख्खं काम एक दिवस लांबतं, आणि साखळीबाहेरचं काम लवकर उरकून शेवटची तारीख हलत नाही. आमच्या घरी त्या वर्षी चिवडा दोन दिवस आधी झाला होता. अनारशांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

एकच कढई आहे हे विसरणं

कागदावर शनिवारी चकली, करंजी आणि शंकरपाळे तिन्ही मांडता येतात, कारण ती एकमेकांवर अवलंबून नाहीत. पण तिन्हींना तीच मोठी कढई लागते आणि तळायला बसणारी व्यक्तीही तीच. मग दुपारी चारला करंज्यांच्या पाऱ्या सुकत बसतात, कारण कढईत अजून चकल्या आहेत.

काम कुठे अडतं ते आधी ओळखा आणि बाकी सगळं त्या जागेच्या वेगाने चालवा. करंजीच्या दिवशी दोघं लाटणार, एक भरणार, एक तळणार. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या, पण तळणारीला झेपतील तेवढ्याच. लाटणारे हात वाढवून फक्त फडक्याखालची रांग वाढते. दिवाळीच्या तोंडावर गिरणीचंही असंच होतं. तिथल्या रांगेवर आपला ताबा नसतो, म्हणून भाजणी आधीच्या आठवड्यात दळून आणावी.

सगळं सुरळीत होईल असं धरणं

‘दोन किलोच्या चकल्या दोन तासांत होतात.’ होतात, पण कधी? दारावर कुणी आलं नाही, सिलेंडर मध्येच संपला नाही आणि सोऱ्याची चकती वेळेवर सापडली तर. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपल्या कामाचा अंदाज बांधताना आपण पूर्वीचे अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळ्यात सोपा दिवस डोळ्यांसमोर आणतो. म्हणून ‘किती वेळ लागेल’ असं विचारू नका, ‘गेल्या वर्षी किती लागला’ असं विचारा.

आणि मोकळा वेळ प्रत्येक कामात चिमूट चिमूट टाकू नका, तो तिथल्या तिथे खर्च होतो. शेवटी अखंड दोन दिवस राखून ठेवा. वरच्या उदाहरणात अनारसे ५ तारखेलाच तळायचे आहेत ते यासाठीच. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि तांदूळ सुकायला एक दिवस जास्त लागला, तर तो या दोन दिवसांतून जातो.

‘कुणीतरी आणेल’

आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला एकदा शेगड्या दोन आल्या आणि दूध आटवायला मोठं पातेलं एकही नाही. बैठकीत ‘पातेलं आणायचं’ हे सगळ्यांनी ऐकलं होतं. एका कामापुढे एकच नाव असावं. मदतीला चार जण चालतील, पण उत्तर एकानेच द्यायचं. घरातही हेच करा. ‘मुलं मदत करतील’ यातून काही घडत नाही. ‘अनारशांच्या तांदळाचं पाणी रोज सकाळी धाकट्याने बदलायचं’ असं ठरलं की घडतं.

बेत वाढत जाणं

‘एवढं करतोच आहोत तर चिरोटेही करू.’ जरूर करा, पण त्याच क्षणी ठरवा की त्यासाठी काय गाळायचं किंवा कोणता दिवस द्यायचा. प्रेमापोटी वाढवलेलं कामही वेळ खातंच.

आता बिघडलंच आहे, तर

पहिला घाणा नेहमी छोटा घ्या. एकच चकली, एकच अनारसा. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, भाजणी वाढवा. कडक झाली तर मोहन कमी पडलंय. बाहेरून लाल आणि थोड्या वेळाने मऊ पडली तर तेल फार तापलंय. अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून विरला, तर पीठ सैल आहे. थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा मुरू द्या. थापताना भेगा पडत असतील तर दुधाचा हात किंवा पिकलेल्या केळ्याचा तुकडा पुरतो. एका अनारशात कळलेली चूक पिठातच दुरुस्त होते, पन्नास झाल्यावर कळली तर सगळं तूप वाया जातं. ऑफिसातही नवी पद्धत सगळीकडे लावण्याआधी एका कोपऱ्यात करून बघतात ते म्हणूनच.

वेळच कमी पडत असेल तर आधी बघा, माणसं वाढवून काम उरकेल का? करंजीचं उरकतं, पीठ मुरण्याचं नाही. जे उरकणार नाही ते बेतातून काढा आणि घरात तसं स्पष्ट सांगा. अनारशांऐवजी रव्याचे लाडू एका दुपारी होतात. शेव विकत आणली तर कुणी रागावत नाही. मात्र हा निर्णय तीन दिवस आधी घ्या. आदल्या रात्री अकराला घेतलात तर दुकानंही बंद असतात.

आणि भाऊबीजेच्या रात्री, डबे अजून ओट्यावर असतानाच, वहीत चार ओळी लिहा: कशाला किती वेळ लागला, काय उरलं, काय पुरलं नाही, कुठे अडलं. आमच्या वहीत त्या वर्षाखाली एवढंच आहे: ‘चिवडा उरला, पोहे अर्धा किलो कमी. करंज्या तिसऱ्या दिवशी संपल्या. अनारशांचे तांदूळ दिवाळीच्या अकरा दिवस आधी.’