भिंतीवरची बुरशी रंगाखाली लपवताय? या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली की गोव्यात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात पश्चिमेच्या भिंतीला मी सलग तीन वर्षे रंग दिला, आणि तिन्ही वर्षे दसऱ्याच्या आत त्याच कोपऱ्यात तेच काळे ठिपके वर आले. तिसऱ्या खेपेला रंगारीच वैतागला. "बाय, भिंत पाणी पिते. रंग काय करणार?" म्हणाला. पैसे घेऊन झाल्यावर म्हणाला, हे वेगळे!

पण बोलला ते खरे. बुरशीला ओल लागते, बाकी तिला काहीही चालते: रंगातला चिकटपणा, लाकूड, कातडी चपला, पुस्तकांची खळ. ओल तशीच ठेवून वरून रंग दिला तर तिला नवे खाद्य मिळते.

आधी पाणी कुठून येते ते शोधा

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, सच्छिद्र. जमिनीतले पाणी तो वातीसारखे वर ओढतो. डाग जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेले असतील तर पाणी जोत्यातून येते. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरले असतील तर फुटके कौल किंवा गच्चीची भेग बघा. फक्त कपाटामागे असतील तर तिथे वारा खेळत नाही. कपाट चार बोटे पुढे ओढा.

तरी कळत नसेल तर हातभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस थांबा. फॉइलच्या मागे थेंब दिसले तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या दमट हवेची, म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या. आणि पांढरी भुकटी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पाणी शिंपडल्यावर ती विरघळली तर तो भिंतीचा खार आहे, बुरशी नाही. अर्थात खार फुटला म्हणजे ओल आहेच.

कोरड्या झाडूने झाडणे

माझी दुसरी चूक ही. पंखा चालू, हातात झाडू. बुरशीचे बीजाणू इतके बारीक असतात (अस्परजिलस फ्युमिगॅटस या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉन) की थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पंखा बंद करा, एन-95 मास्क लावा, डाग आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, मग घासा आणि भिंत खडखडीत वाळू द्या. ब्लीचने डाग फिका पडतो, पण सच्छिद्र भिंतीत ते खोल उतरत नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो.

काळा डाग म्हणजे 'काळी बुरशी' असे समजणे

2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेपासून हा गोंधळ आहे. भिंतीवरचा काळा थर बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा अस्परजिलसचा असतो. त्या वेळी गाजलेला म्युकरमायकोसिस वेगळा. त्याची बुरशी मुळात काळी नसतेच! ती रक्तवाहिन्या बंद करते, मांस मरते आणि मेलेले मांस काळे पडते. तिचे बीजाणू माती, कुजका पाला, शिळा पाव अशा सगळीकडे असतात. धडधाकट माणसाला ते काही करत नाहीत. आवाक्याबाहेर गेलेली साखर, स्टेरॉइडचा मोठा डोस, ढासळलेली प्रतिकारशक्ती अशा वेळी ती घुसते. नाकाची एकच बाजू बंद, काळपट स्राव, गाल सुजणे, वरचे दात हलणे, एकाचे दोन दिसणे, यांतले काही दिसले तर सकाळची वाट न बघता मोठे इस्पितळ गाठा. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात, आणि उशीर जिवावर बेततो.

घरातल्या बुरशीचा रोजचा त्रास साधा असतो: शिंका, डोळ्यांतून पाणी, वाढलेला दमा. ओलसर घरांचा दम्याशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 च्या मार्गदर्शिकेत मांडला आहे. दमेकऱ्याच्या खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील तर अस्परजिलसची ॲलर्जी असू शकते. एक्स-रेवर ती क्षयासारखी दिसते, आणि आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयाची औषधे सुरू होण्याचे प्रकार घडतात. थुंकी तपासून क्षय सापडत नसेल तर रक्तातले आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिपिंड) बघायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

नायट्यावर मिळेल ते मलम

फार्मसीतून आणलेल्या 'थ्री-इन-वन' मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, कडा फिकी होते, आणि बुरशी आतल्या आत पसरते. ओल्या भिंतीवर रंग देण्याचाच हा प्रकार. कपडे पूर्ण वाळवा, अर्धवट ओली जीन्स चढवू नका, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके आठवडे औषध पुरे करा. पावसात कान खाजतो म्हणून खोबरेल घालण्याची सवयही सोडा. कानातल्या बुरशीला ते मानवते. अँटिबायोटिक तर बुरशीवर चालतच नाही.

पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचे) डबे

याच दमट हवेत रानात अळमी (रानटी अळंबी) उगवते आणि आपण ती घासाघीस करून का होईना, घेतोच. तीही बुरशीच! दाण्यांवरची अस्परजिलस फ्लेव्हस मात्र अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे, आणि भाजून किंवा शिजवून ते पुरते जात नाही. शेंगदाणे, सुके खोबरे, मिरच्या उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावावर हिरवा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून खाऊ नका. तंतू आत खोल गेलेले असतात. आणि दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका.