मोंगॉइडमध्ये मेनी-टू-मेनी नातं कसं जोडावं

पुरणपोळी होळीला होते, पाडव्यालाही होते. आणि होळीच्या टॅगखाली एकटी पुरणपोळी नसते, कटाची आमटीही असते. पाककृतींचं ॲप रूबी आणि मोंगोडीबीवर बांधताना हे दोन्हीकडून अनेकांशी जुळणारं, म्हणजे मेनी-टू-मेनी, नातं लिहायचं कसं? एसक्यूएलमधून आलेला माणूस आधी जोड-टेबल, म्हणजे दोन टेबलांमधल्या जोड्या नोंदवणारं तिसरं टेबल, शोधतो. मोंगॉइडमध्ये, म्हणजे रूबीला मोंगोडीबी या डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत, ते नसतंच.

पहिली पायरी सोपी. दोन मॉडेल करा, रेसिपी आणि टॅग, आणि दोन्हींत मोंगॉइड डॉक्युमेंट इन्क्लूड करा. मग रेसिपीत लिहा:

हॅज_अँड_बिलाँग्ज_टू_मेनी :टॅग्ज

टॅगमध्येही हीच ओळ, फक्त शेवटी :रेसिपीज. (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं.) एवढ्यावर प्रत्येक रेसिपीत टॅग_आयडीज आणि प्रत्येक टॅगमध्ये रेसिपी_आयडीज नावाचा ॲरे (आयडींची यादी) तयार होतो. म्हणजे एकच नातं दोन ठिकाणी लिहिलं जातं.

जोडायला रेसिपी.टॅग्ज << होळी. रेसिपी आधीच सेव्ह झालेली असेल तर ही ओळ थेट डेटाबेसात लिहिते. वेगळा सेव्ह लागत नाही. मात्र अपडेट_ऑलने किंवा मोंगो शेलमधून एका बाजूचा ॲरे बदललात, तर दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ताच लागत नाही. एका बाजूला नातं आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा घोळ दिसला की मी आधी इथेच बघतो.

आता खरा प्रश्न: यादी दोन्हीकडे हवीच का? एका पाककृतीला फार तर पाच-सात टॅग. पण ‘उपवास’ या टॅगखाली हजारो पाककृती साठल्या, तर त्याचा ॲरे फुगत जातो, आणि मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची (म्हणजे एका नोंदीची) मर्यादा 16 एमबी आहे. मर्यादा गाठायच्या खूप आधीच तो टॅग वाचणं जड होतं. अशा वेळी रेसिपीतल्या ओळीला जोडा:

इन्व्हर्स_ऑफ: निल

आणि टॅगमधली ओळ काढून टाका. नातं आता फक्त रेसिपीकडे राहतं. उलट शोध असा:

रेसिपी.व्हेअर(टॅग_आयडीज: उपवास.आयडी)

यासाठी टॅग_आयडीजवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) हवाच. नात्याच्या ओळीतच इंडेक्स: ट्रू लिहा आणि मोंगॉइडचा क्रिएट_इंडेक्सेस हा रेक टास्क चालवा, टास्क विसरलात तर इंडेक्स कोडमध्येच राहतो, डेटाबेसात उतरत नाही. मी तर नव्या कामात सुरुवातच एकतर्फी नात्याने करतो.

यादीच्या पानावर प्रत्येक पाककृतीचे टॅग दाखवायचे असतील तर इन्क्लूड्स(:टॅग्ज) लावा, नाहीतर दर पाककृतीमागे एक वेगळी क्वेरी जाते.

साहित्याला मात्र हे नातं लावू नका. पुरणपोळीत गूळ आहे एवढं पुरत नाही, किती आहे तेही लागतं, आणि आयडींच्या ॲरेत प्रमाण ठेवायला जागाच नाही. तिथे एम्बेड्स_मेनी वापरून ‘गूळ, दोन वाट्या’ हे पाककृतीच्या पोटातच ठेवा.