बिझनेस क्लासचं तिकीट काढताय? एअरलाईन नंतर, आधी विमान बघा

चुलतभावाला कंपनीने पहिल्यांदाच बिझनेस क्लास दिला, मुंबईहून लंडन आणि तिथून पुढे अमेरिका, तर त्याचा रात्री साडेदहाला फोन, दादा सगळ्यात भारी एअरलाईन कुठली ते सांग पटकन, उद्या सकाळी ट्रॅव्हल डेस्कला कळवायचंय. मी म्हटलं विमान कुठलं आहे ते सांग आधी. तो म्हणे विमान म्हणजे विमान, त्यात काय बघायचं. मग त्याला तासभर जे ऐकवलं तेच इथे लिहून टाकतोय, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं, आता लिंक पाठवून मोकळा होईन.

तर लांबच्या फ्लाईटला तुम्ही पैसे देता ते झोपेचे. शॅम्पेन, पांढरा टेबलक्लॉथ, गरम टॉवेल हे सगळं छानच असतं, मी पण पहिल्या वेळी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला होता, खोटं कशाला बोलू. पण मुंबई-लंडन साडेनऊ-दहा तासांचं आहे आणि त्यातले पाच-सहा तास नीट आडवं पडून झोप लागली तरच उतरल्यावर माणसात असता. नाहीतर तुम्ही आयुष्यातलं सगळ्यात महागडं जेवण जेवलात, आणि ते पण विमानातलं. आणि झोप येणार की नाही हे ठरतं सीटवर, सीट ठरते विमानावर. एकाच एअरलाईनच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तिकिटाचा भाव मात्र बऱ्याचदा दोन्हीला सारखाच.

उदाहरणं देतो म्हणजे पटेल. एमिरेट्सचं ए३८० घ्या, वरच्या मजल्यावर १-२-१ सीट, म्हणजे एका रांगेत दोन्ही खिडक्यांना एकेक आणि मधे दोन, मागे चक्क बार, उभं राहून गप्पा मारा. आणि त्यांच्याच ज्या जुन्या ७७७ अजून बदललेल्या नाहीत त्यांत बिझनेसला २-३-२, म्हणजे एवढे पैसे भरून तुम्ही दोन अनोळखी माणसांच्या मधे बसू शकता, एसटीत बसल्यासारखं. टर्किशच्या ७७७ मध्ये पण तेच २-३-२, पण ए३५० आणि ७८७-९ मध्ये १-२-१. एअर इंडियाची जुनी ७८७-८ म्हणजे १८ सीट, २-२-२, खिडकीवाल्याला रात्री बाथरूमला जायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून ढांग टाकायची, आणि त्यांचंच नवं ए३५० घेतलं तर २८ सीट, १-२-१, प्रत्येकाला सरकतं दार. कतारचा क्यूसूट, म्हणजे दार लावता येणारी छोट्या खोलीसारखी सीट, सगळ्यांना माहितीय, २०१७ ला आला, पण तो त्यांच्या प्रत्येक विमानात नसतो हे बुकिंग केल्यावर कळतं लोकांना. व्हर्जिनच्या ७८७ मध्ये १-१-१ आहे, ऐकायला भारी वाटतं, पण सीट तिरकी असते आणि खिडकीवाल्याची पाठ खिडकीकडे, बाहेर बघायला मान मोडायची.

हे बघायचं कसं तर सोपं आहे. बुकिंगच्या पानावर फ्लाईट नंबरखाली विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो घ्या आणि एरोलोपा नावाच्या साईटवर त्या एअरलाईनचं तेच विमान उघडा, सीटचा नकाशा अगदी खिडक्या कुठे आहेत तिथपर्यंत दिसतो. मधला आकडा आणि कडेचे आकडे बघा. १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट पॅसेज मिळतो, कोणाला ओलांडायला नको. २-२-२ म्हणजे नवरा-बायको असाल तर चालेल, एकट्याने टाळा. २-३-२ दिसलं तर दुसरी तारीख बघा. आणि एकदा बघून गप्प बसू नका, आठवडाभर आधी परत बघा, आदल्या दिवशी परत बघा, कारण विमान बदलतात आणि तुमची सीट गुपचूप कुठेतरी ढकलली जाते. ऐनवेळी तुम्हाला खालच्याच क्लासमध्ये टाकलं तर गप्प बसायचं नाही, डीजीसीएचा, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, २०२३ चा नियम आहे, आंतरराष्ट्रीय फ्लाईटला टॅक्ससकट तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परत, अंतराप्रमाणे, १५०० किलोमीटरपर्यंत ३०, तिथून ३५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५. युरोपमधून निघत असाल तर तिकडच्या नियमात पण हेच तीन आकडे आहेत. काउंटरवरचा माणूस हे स्वतःहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता १-२-१ मिळालं म्हणजे झालं असं नाही, सीट नंबर पण निवडावा लागतो. बऱ्याच विमानांत सीटा पुढे-मागे सरकवून लावलेल्या असतात, म्हणजे एका रांगेत खिडकीची सीट खिडकीला चिकटून आणि मधे टेबल, पुढच्या रांगेत सीट पॅसेजला चिकटून आणि टेबल खिडकीकडे. पॅसेजवाली घेतलीत तर रात्रभर येणारा-जाणारा प्रत्येक जण आणि ट्रॉली तुमच्या कोपराला घासून जाणार. मधल्या जोडीत पण तसंच, एका रांगेत दोन सीटा एकमेकींना खेटून, दुसऱ्या रांगेत मधे अख्खं टेबल, हनिमून आणि घटस्फोट म्हणतात लोक त्यांना. क्यूसूटमध्ये तर मागे तोंड असलेल्या मधल्या जोडीचा डबल बेड होतो.

आणि पाय. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. सीट आडवी झाली की तुमचे पाय पुढच्या माणसाच्या टेबलाखालच्या एका खोबणीत जातात. ही खोबण कधीकधी इतकी अरुंद असते की आठ नंबरचा बूट घालणाऱ्याचे पाय एकावर एक ठेवावे लागतात, कूस बदलायची तर आधी पाय बाहेर, मग आपण वळायचं, मग पाय परत आत. मी एकदा पहाटे तीनला, अंधारात, मोजे त्या खोबणीच्या फटीत अडकवून बसलो होतो, शेजारची बाई माझी धडपड बघून घाबरली बिचारी. यावर उपाय म्हणजे अशा सीटांमध्ये पहिली रांग घ्या, समोर सीट नसते त्यामुळे खोबण मोठी मिळते. फक्त एक बघा, पहिल्या रांगेतच बाळाचा पाळणा लावायची सोय असते बऱ्याचदा, आणि किचन पण तिथेच, रात्रभर कपाटांची खडखड. बाळ आणि कपाट की पाय, ज्याचं त्याने ठरवा. मी पाय निवडतो आणि कानात बोळे घालतो.

विमानाचा अजून एक मुद्दा, ७८७ आणि ए३५० मध्ये आतला हवेचा दाब साधारण ६००० फुटांवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत ८००० फुटांसारखा, आणि हवा पण थोडी कमी कोरडी. उतरल्यावर डोकं जड होण्याचा फरक मला तरी जाणवतो. दोन सारख्या भावाच्या तिकिटांत निवडायचं असेल तर ही दोन विमानं आधी.

आता वेळेचं गणित. मुंबईतून बाहेर जाणाऱ्या बऱ्याच फ्लाईट रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधल्या. म्हणजे दोन वाजता बसलात, तीनला जेवण समोर, चारला गोड, साडेचारला झोपायचा प्रयत्न. हा शुद्ध वेडेपणा आहे, पण फुकट मिळतंय म्हणून आपण सगळे करतो. जेवण विमानतळावरच्या बिझनेसवाल्यांच्या लाउंजमध्ये करून घ्या, ते त्यासाठीच असतं. विमानात चढल्या चढल्या क्रूला सांगा की मला जेवण नको, टेकऑफ झाल्यावर बेड लावून द्या आणि लँडिंगच्या दीड तास आधी उठवा. काही एअरलाईनमध्ये, कतारमध्ये वगैरे, पाहिजे तेव्हा पाहिजे ते मागवता येतं, मग तर प्रश्नच नाही, उठल्यावर खा.

गल्फवरून जात असाल तर हे अजून महत्त्वाचं. मुंबई-दोहा किंवा मुंबई-दुबई तीन-साडेतीन तासांचं, त्यात चढणं-उतरणं धरलं तर बेड लावून दोन तास पण मिळत नाहीत. तिथे कुठलंही विमान चालेल, हट्ट करायचा तो पुढच्या चौदा तासांच्या फ्लाईटसाठी. लोक उलटं करतात, मुंबईतून निघणारं विमान भारी बघून खूश होतात आणि पुढचं लांबचं विमान उघडूनच बघत नाहीत.

जेवणाचं बोलायचं तर शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. स्पेशल मीलच्या यादीत 'हिंदू मील' असं दिसतं, त्याचा कोड एचएनएमएल, आपल्याला वाटतं हे आपलं, आणि समोर चिकन येतं, कारण ते मांसाहारी आहे, फक्त बीफ नसतं. शाकाहारी पाहिजे तर एव्हीएमएल, जैन पाहिजे तर व्हीजेएमएल, आणि सहसा किमान २४ तास आधी सांगावं लागतं. पण बिझनेसमध्ये स्पेशल मील मागितलं की बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच ट्रेमध्ये येतं, शेजारच्याला एकेक कोर्स वाढतायत आणि तुम्ही डाळ-भात-गुलाबजाम एकदम समोर घेऊन बसलात, असं होतं. मुंबईतून निघणाऱ्या फ्लाईटच्या नेहमीच्या मेनूत पण एखादी चांगली शाकाहारी डिश असतेच, म्हणून आधी वेबसाईटवर मेनू बघा, मग ठरवा. परतीच्या फ्लाईटला मात्र सांगूनच ठेवा. सिंगापूर एअरलाईन्सचं 'बुक द कुक' आहे, तिथे २४ तास आधीपर्यंत मोठ्या यादीतून मेन डिश निवडता येते, ते जरूर वापरा.

आणि चव कमी लागते हे खरंय, तुमची जीभ बिघडलेली नाही. कोरडी हवा आणि इंजिनाचा आवाज यामुळे मीठ आणि गोड दोन्ही कमी जाणवतं. आमची आई यावर तोडगा म्हणून पर्समध्ये लसणाची चटणी घेऊन आली होती आणि तीस हजार फुटांवर तिने ती डबी उघडली. पुढच्या सूटचं दार सरकलं, एक गोरे आजोबा डोकं बाहेर काढून इकडेतिकडे बघायला लागले. आईने त्यांना पण विचारलं, घेता का थोडी. तेव्हा शेंगदाण्याची न्या, लसणाची नको.

सर्व्हिसबद्दल. आपल्याकडे दोन टोकं बघितलीत मी, एक तर संकोचून काहीच मागत नाहीत नाहीतर चुटकी वाजवून बोलावतात. दोन्ही नको. क्रूला सगळ्यात जास्त आवडतं ते स्पष्ट सांगणारं माणूस. बसल्या बसल्या तीन गोष्टी मागून घ्या, पायजमा देत असतील तर तुमच्या मापाचा, कारण मोठे साईझ पटकन संपतात, जास्तीची एक उशी, आणि पाण्याची मोठी बाटली. गादीचं कव्हर स्वतः लावायला जाऊ नका, ते सांगितलं की लावून देतात, आणि काही सीट तर तुम्ही उठल्याशिवाय बेड होतच नाहीत, पाठच उलटी करावी लागते. रजई जाड असते आणि केबिन गरम ठेवतात बरेच जण, डोक्यावर हवेची जाळी नसेल तर घामाघूम व्हाल, म्हणून साधं पातळ पांघरूण आहे का तेही विचारा.

सीट बिघडली तर? होतं हे. माझी एकदा अर्धवट झोपलेल्या अवस्थेत अडकली, एअरलाईनचं नाव घेत नाही, ना बसता येतंय ना झोपता येतंय, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा मी. अशा वेळी बटणं बडवत बसू नका, क्रूला 'सीट रिसेट' करा म्हणा, सीटची पॉवर बंद करून परत चालू करतात, निम्म्या वेळा त्यानेच सुटतं. नाहीच सुटलं तर हाताने सरकवायचा खटका असतो, तो त्यांना माहीत असतो. माझी तशी हाताने सपाट केली, झोप झाली मस्त, पण लँडिंगला सरळ होईना, मग दोघांनी मागून ढकलून उभी केली आणि मी वरात निघाल्यासारखा हसत बसलो होतो. पण मुद्दा हा की उतरायच्या आधी सुपरवायझरला याची नोंद करायला सांगा, एक व्हिडिओ काढा, आणि दोन दिवसात मेल टाका, सीट नंबर आणि तारखेसकट. मला माइल्स मिळाले त्याचे, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायचे एअरलाईनचे पॉइंट. मेलला उत्तरच नाही आलं तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथे तक्रार टाका.

पैशांचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहायला लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय, तेव्हा भाव बघताना टॅक्स धरून बघा. स्वतःच्या खिशातून जात असाल तर इकॉनॉमीचं तिकीट काढून अपग्रेडसाठी बोली लावायची सोय बऱ्याच एअरलाईन देतात, मेल येतो. बोली लावायच्या आधी परत तेच, विमान कुठलं ते बघा. २-३-२ च्या मधल्या सीटसाठी पन्नास हजार घालवलेला माणूस माझ्या ओळखीत आहे, त्याला हा विषय काढलेला आवडत नाही.

आणि आई-बाबांना मुलांकडे पाठवत असाल तर सगळ्यात भारी सूट शोधू नका. ते उंच दार, अंधार, सीटला बावीस बटणं, यात माझी आई पहिला तासभर घाबरून बसली होती, बाबा दिसतच नव्हते तिला. मधली खेटलेली जोडी घ्या, मधला पडदा खाली करून द्यायला क्रूला सांगा, आणि घरी एकदा फोनवर त्या सीटचा व्हिडिओ दाखवा, बेड कसा होतो, दिवा कुठे, हाक मारायचं बटण कुठलं. व्हीलचेअर बुकिंगमध्येच टाका, बिझनेस आहे म्हणून ती आपोआप येत नाही.

चुलतभावाने शेवटी ए३५० घेतलं, खिडकीला चिकटलेली सीट, जेवण लाउंजमध्ये. काल मेसेज आला, सहा तास झोपलो दादा, पण पायजमा एलच मिळाला, एक्सएल संपला होता. म्हटलं बसल्या बसल्या मागितलास का. तर म्हणे नाही, फोटो काढत होतो.