गीक्समध्ये मोठी ब्रँच मर्ज करायची तर

ग्नू गीक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये (सॉफ्टवेअर बसवणारी प्रणाली) एक पॅकेज बदललं की त्यावर उभी असलेली सगळी पॅकेजेस नव्यानं बिल्ड होतात, म्हणजे मूळ कोडमधून पुन्हा तयार होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बदलल्यावर कास्टिंग पुन्हा ओतावं लागतं, तसंच. बिल्ड फार्मनं (पॅकेजेस आधीच बिल्ड करून ठेवणारे सर्व्हर) हे काम आधीच उरकलेलं असेल तर राजारामपुरीतल्या विद्यार्थ्याला तयार बायनरी, म्हणजे सबस्टिट्यूट, मिळते. नाहीतर त्याचा लॅपटॉप रात्रभर कंपाइल करत तापतो, आणि मध्येच लाइट गेली की अर्धवट राहिलेलं बिल्ड पहिल्यापासून. म्हणून मर्ज, म्हणजे ब्रँच या वेगळ्या शाखेतले बदल मास्टर या मुख्य शाखेत मिसळणं, कधी करायचं हे फार्मकडे बघून ठरवा, आपल्या उत्साहाकडे बघून नव्हे.

आधी मोजा. ‘गीक्स रिफ्रेश’ला ‘लिस्ट-डिपेंडंट’ हा पर्याय दिला की किती पॅकेजेस पुन्हा बिल्ड होणार ते कळतं. आकडा 300 च्या आत असेल तर बदल थेट मास्टरवर जाऊ शकतो, त्यापुढे वेगळी ब्रँच. ब्रँचमध्ये विषय एकच ठेवा. पूर्वी सगळे मोठे बदल ‘कोअर-अपडेट्स’ या एकाच ब्रँचमध्ये साठायचे आणि ती महिनोन्‌महिने रखडायची. काय कशामुळे मोडलं याचा पत्ता लागत नसे.

ब्रँच तयार झाली की मर्जची विनंती म्हणून इश्यू (प्रकल्पाच्या ट्रॅकरवरची नोंद) उघडा. जो आधी आला त्याचा नंबर आधी. रांगेत आपल्या आधी असलेल्या ब्रँचचा इश्यू आपल्याला अडवतोय अशी नोंद करा. क्रम बदलायचा असेल तर त्या टीमशी आधी बोला, परस्पर घुसू नका.

नंबर जवळ आला की मास्टर आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करून घ्या. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) दिसतो तिथं माणूस सावध असतो. खरा घोळ गिटनं (कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) गुपचूप जोडलेल्या ओळींत असतो: एकच व्हेरिएबल दोन ठिकाणी, किंवा उलटं बसलेलं ग्राफ्ट. सुरक्षेची दुरुस्ती घाईनं द्यायची असली की मास्टरवर पॅकेजला ‘रिप्लेसमेंट’ जोडतात (हेच ग्राफ्ट), म्हणजे सगळं पुन्हा बिल्ड करावं लागत नाही. तुमच्या ब्रँचनं तेच पॅकेज त्याहून पुढच्या आवृत्तीवर नेलेलं असेल आणि ती ‘रिप्लेसमेंट’ तशीच राहिली, तर वापरणाऱ्याला जुनी आवृत्ती मिळते आणि बिल्ड मात्र हिरवंगार दिसतं. प्रत्येक ‘रिप्लेसमेंट’ हातानं तपासा.

दुसरी मेख सह्यांची. कमिटवर (नोंदवलेला बदल) सही करणारी किल्ली त्या कमिटच्या प्रत्येक पालक कमिटमधल्या ‘गीक्स-ऑथरायझेशन्स’ फाइलमध्ये असावी लागते. नव्या सहकाऱ्याची किल्ली मास्टरवर आली, पण ब्रँचमध्ये अजून आलेली नाही, अशा वेळी त्यानं ब्रँचवर कमिट केलं की पडताळणी फसते. आधी मास्टर आत घ्या, मग त्याला कमिट करू द्या. चारजण काम करत असलेली ब्रँच न सांगता रिबेस करू नका, म्हणजे तिचे कमिट नव्या पायावर पुन्हा रचू नका. सगळ्या कमिटचे हॅश (ओळखखुणा) बदलतात आणि इतरांचं काम लोंबकळतं.

आता ‘गीक्स वेदर’, म्हणजे किती पॅकेजेसची सबस्टिट्यूट्स तयार आहेत ते सांगणारा हुकूम. तो मास्टरच्या गीक्सनं चालवला तर टक्केवारी मास्टरचीच येते, म्हणून ‘टाइम-मशीन’ला (गीक्सची दुसरी आवृत्ती चालवणारा हुकूम) ब्रँचचं नाव देऊन त्यातून चालवा. बर्लिन आणि बोर्डो हे दोन्ही फार्म बघा, आणि एक्स86-64 या एकाच प्रोसेसर प्रकारावर थांबू नका; एआर्च64 नेहमी मागे असतो. एकूण टक्केवारी फसवी असते. शंभर आडवळणाची पॅकेजेस पडली तरी चालतं, पण आइसकॅट (ब्राउझर) किंवा लिब्रेऑफिसचं सबस्टिट्यूट नसेल तर थांबाच.

पुश करण्याआधी, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवण्याआधी, स्थानिक चेकआउटवरून (आपल्या मशीनवरची कोडची प्रत), वेगळ्या प्रोफाइलमध्ये, ‘गीक्स पुल’ (गीक्सला अद्ययावत करणारा हुकूम) करून बघा. नुसतं ‘मेक’ (कोड कंपाइल करणारा हुकूम) पास झालं म्हणून पुल चालेलच असं नाही. पुशची वेळ कोल्हापुरातली संध्याकाळ ठेवा: आपले 8 म्हणजे यूटीसी 14:30, युरोपातली मंडळी जागी असतात आणि काही मोडलं तर हात मिळतात. मध्यरात्री पुश करून झोपायचं नाही.

मर्ज झाल्यावर इश्यू बंद करा, ब्रँच सर्व्हरवरून काढून टाका आणि रांगेतल्या पुढच्या टीमला कळवा. त्यांना हा नवा मास्टर आत घेऊन पुन्हा बिल्ड लावायचं असतं.