कारवानी कुत्रा अंग धरत नसेल तर

"पोरी, कुत्र्याला खायला घालतीस का नाही गं?" आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, महिन्यातून दहा वेळा विचारायच्या. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. ती राखायला म्हणून यजमानांनी जतकडून कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, त्याचं नाव हरण्या. गेल्या वर्षी तो अडीच वर्षांचा झाला आणि वजन भरलं १९ किलो ४०० ग्रॅम. पुढच्या चौदा आठवड्यांत ते २२ किलो ६०० ग्रॅमवर आणलं. त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते लिहिते, कारण आमच्या भागात निम्म्या वस्त्यांवर असलाच एखादा काटकुळा पळपुट्या बांधलेला असतो.

आधी कुत्रा खरंच वाळलाय का ते ठरवा. कारवानी म्हणा, मुधोळ म्हणा, हा पळणारा कुत्रा आहे. छाती खोल, पोट आत ओढलेलं, कंबर मुठीत मावेल अशी. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसल्या तर त्यात काही वावगं नाही. पोस्टाने २००५ साली भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळही होता. मी आत्यांना मोबाइलवर ते चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्यालाबी घालत नसतील."

बरगड्यांपेक्षा पाठ बघा. डोळे मिटून कण्यावरून हात फिरवा. मणक्यांची टोकं करवतीसारखी लागत असतील, कमरेची दोन हाडं खुंट्यांसारखी वर आली असतील, मांडीचा मागचा भाग पिचलेला असेल, तर चरबीच नाही, मांसही झडलंय. जनावरांचे डॉक्टर अंगकाठीला १ ते ९ असे गुण देतात, १ म्हणजे हाडाचा सापळा, ९ म्हणजे लठ्ठ. ४-५ चांगले. हरण्याला मिळाले ३.

मग मी ताट वाढवायला निघाले होते, पण डॉक्टरांनी थांबवलं. आधी शी तपासली, तर त्यात अंकुशकृमी निघाले. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. वरून कितीही ओता, अंगी लागत नाही. हिरड्या फिकट दिसतात हे मला तेव्हा कळलं, अडीच वर्षं रोज तोंड बघत असूनही. शिवाय आमच्याकडे शेळ्या आहेत म्हणजे गोचीड आलेच. गोचिडाच्या तापानेही कुत्रा असाच हळूहळू उतरतो, म्हणून रक्तही तपासलं. ते ठीक निघालं. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत असेल आणि शी ढीगभर, तेलकट, फिकट होत असेल तर स्वादुपिंडाचं दुखणं असू शकतं, तिथे घरचे उपाय करत बसू नका. दातही एकदा बघून घ्या.

आता हिशेब. कुत्र्याच्या वजनाला ३० ने गुणायचं आणि त्यात ७० मिळवायचे. हरण्याचे झाले ६५२. नुसतं पडून राहायला एवढ्या कॅलरी लागतात. दिवसभर बागेत पळणाऱ्याला साधारण दुप्पट धरा, म्हणजे १३००. आणि तो खात काय होता? दोन भाकरी आणि अर्धा लिटर दूध. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तर दोन्हींच्या मिळून सातशेच्या आत, दुधाच्या तीनशे. झाले हजार! त्यात यजमान रोज संध्याकाळी त्याला मोटारसायकलमागे आठ किलोमीटर पळवायचे. आम्ही कुत्र्याला उपाशी ठेवत नव्हतो, पण त्याचा हिशेब रोज तोट्यात जात होता.

आत्यांचा उपाय होता आणखी एक भाकरी. मी भाकरीच्या विरोधात नाही, मंगळवेढ्याची ज्वारी आमच्या शेजारची. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असतं, नुसत्या भाकरीवर मांस चढत नाही. शेजारच्यांचा उपाय होता तूप. तो मी केला आणि पस्तावले. दोन्ही वेळेला पळीभर तूप आणि वर म्हशीचं दूध. तिसऱ्या दिवशी हरण्याला उलट्या सुरू झाल्या, पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा. दोन दिवस सलाईन लावलं आणि कमावलेलं वजन परत गेलं. एकदम एवढी चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते असं डॉक्टरांनी सांगितलं. दुधाचंही तसंच, वाढ झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात. हरण्याला आता दूध बंद, दोन चमचे दही चालतं.

मग जे जमलं ते असं. अन्न दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवायचं. शी बांधलेली असेल तरच पुढची पायरी, पातळ झाली तर तिथेच थांबायचं. हजारावरून सोळाशेवर यायला आम्हाला पाच आठवडे लागले. सोळाशेचं दिवसाचं ताट सांगते, सगळी वजनं कच्ची आहेत:

बिनहाडाचं, बिनकातडीचं कोंबडीचं मांस ४०० ग्रॅम. दीडशे ग्रॅम तांदळाचा मऊ भात. दोन उकडलेली अंडी. एक भाकरी, कुस्करून. शंभर ग्रॅम लाल भोपळा. आणि दोन चहाचे चमचे तेल, तेसुद्धा शेवटच्या दोन पायऱ्यांवर आलेलं.

बिनहाडाचं चिकन महाग पडतं म्हणून मी तंगडीचे तुकडे सहा-साडेसहाशे ग्रॅम आणते, कुकरला मऊ शिजवते आणि हाडं हाताने वेचून काढते. हे काम दुसऱ्यावर सोपवत नाही. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं. उरलेलं पाणी भातात जातं. मीठ, तिखट काही नाही, आणि कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपल्या कालवणाचा रस्सा बाद. आमच्या बागेच्या पलीकडे द्राक्षं आहेत, त्यामुळे हेही सांगते: द्राक्ष नको, बेदाणा नको, एखादासुद्धा. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

कलेजी दिवसाआड चाळीस ग्रॅम. हरण्याला ती रोज किलोभर चालेल, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं, जास्त झालं तर हाडांना बाधतं.

नुसतं मांस-भात घालणारे सगळ्यात जास्त विसरतात ते कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर ते हाडांतून ओढतं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखी बारीक करायची. या ताटाला पाऊण चहाचा चमचा पुरतो. एवढं करूनही जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व घरच्या जेवणात कमी पडतं. त्यासाठी डॉक्टरांकडून पूड लिहून घ्या, नाहीतर एक वेळ विकतचे दाणे द्या. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या दाण्यांना पेडिग्रीच म्हणतात.) पिशवीच्या मागे शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं, तेवढं अन्न ताटातून कमी करायचं. तालमीतल्या पोरांची वजन वाढवायची पावडर मात्र देऊ नका. काहींत झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याला विष आहे.

हे सगळं एकाच वेळी पुढ्यात ओतायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं भरलेलं पोट फुगून पिळा पडू शकतो, आणि तसं झालं तर तासाभरातच जीवावर बेततं. म्हणून तीन वेळा: सकाळी सातला, दुपारी एकला, रात्री आठला. पळून आला की धाप बसू द्यायची, तासाभराने ताट. जेवल्यावर दोन तास मोकळा सोडायचा नाही. पोट ढोलासारखं ताणलं आणि ओकारी येऊनही काही पडत नसेल तर वाट न बघता गाडी काढा.

पळणं बंद केलं नाही. नुसतं बसवून खायला घातलं तर चरबी चढते, मांस नाही. आठ किलोमीटरचे तीन केले, मोटारसायकलऐवजी चालत. आमच्या भागात काही जण हे कुत्रे सशामागे सोडण्यासाठी मुद्दाम अर्धपोटी ठेवतात, "भुकेला कुत्रा पळतो" म्हणून. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे एक. आणि अर्धपोटी कुत्रा पळतो तो स्वतःचंच मांस जाळून. थंडीत रात्री गोणपाट घातलं तरी फरक पडतो, आखूड केसांच्या या जातीची बरीचशी भाकरी नुसती ऊब धरण्यात जाते.

वजन दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. डाळिंबाचे क्रेट मोजायचा काटा आहेच. कलेजीचा तुकडा नाकासमोर धरला की हरण्या बरोबर दहा सेकंद उभा राहतो. काटा नसेल तर कुत्र्याला उचलून स्वतः काट्यावर चढा आणि मग आपलं वजन वजा करा. आठवड्याला शरीराच्या एक ते दोन टक्के वाढ पुरे, म्हणजे आमच्याकडे दोनशे ते चारशे ग्रॅम. एका आठवड्यात सातशे ग्रॅम वाढलं तेव्हा मला आनंद झाला नाही, मी तेल निम्मं केलं.

बावीस सहाशेला थांबलो. मणक्यांवर आता मांसाची पट्टी आहे, वरून पाहिलं तर कंबर अजून आत जाते, शेवटच्या दोन बरगड्या उन्हात दिसतात. डॉक्टर म्हणाले, आता ह्याला लॅब्राडोर करू नका. तेल बंद केलं, भात शंभर ग्रॅमवर आणला, तेव्हापासून काटा इकडे-तिकडे दोनशे ग्रॅमच हलतो.

मधल्या दोन आठवड्यांत मात्र हिशेब जुळेना, ताट तेच आणि वजन जास्त. मग एका दुपारी गोठ्यामागे आत्या सापडल्या, पदराआड भाकरी. आता वहीत एक ओळ रोजची आहे: "आत्या – चतकोर." तेवढा भात मी आधीच कमी वाढते. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.