हायस्कूल डिप्लोमा अडकवणाऱ्या या चुका टाळा: फेअरफॅक्स आणि लाउडनच्या पालकांसाठी

आपल्याकडच्या बारावीसारखी शेवटी एकच मोठी परीक्षा व्हर्जिनियात नसते. इथे क्रेडिट (विषय पास केल्यावर मिळणारं एकक) वर्षानुवर्षं साठत जातात, काही तर सातवी-आठवीपासूनच. म्हणून चूक आठवीत होते आणि लक्षात येते अकरावी संपताना, जेव्हा वेळापत्रकात जागा उरलेली नसते.

आधी हिशोब पाहू. २०१८-१९ पासून नववीत गेलेल्या मुलांना स्टँडर्ड डिप्लोमासाठी २२ क्रेडिट लागतात, अॅडव्हान्स्ड स्टडीज या वरच्या डिप्लोमासाठी २६. मूल पहिल्यांदा ज्या वर्षी नववीत गेलं, त्या वर्षाचे नियम त्याला लागू होतात. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या वेळची यादी धाकट्यासाठी वापरू नका, शाळेच्या काउन्सेलरकडून त्याच्या वर्षाची यादी मागून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परकीय भाषेत. अॅडव्हान्स्ड डिप्लोमाला एका भाषेची तीन वर्षं लागतात, किंवा दोन भाषांची प्रत्येकी दोन. समजा, मुलीने सातवी-आठवीत स्पॅनिश १ आणि स्पॅनिश २ केलं, नववीत कंटाळून फ्रेंच १ घेतलं आणि दहावीत भाषा सोडली. ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणनोंदीत) भाषेची तीन क्रेडिट दिसतात, म्हणून घरात सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात अट अपुरीच आहे, कारण ना एका भाषेची तीन वर्षं झाली, ना दोन भाषांची दोन-दोन. आता तिला फ्रेंच २ किंवा स्पॅनिश ३ घ्यावंच लागेल. भाषा बदलायची असेल तर पुढची दोन्ही वर्षं कुठे बसणार, हे आधी कागदावर मांडा.

दुसरा गोंधळ क्रेडिट आणि व्हेरिफाइड क्रेडिट यांचा. वर्ग पास झाला की साधं क्रेडिट मिळतं. त्याच विषयाची राज्याची एसओएल चाचणी किंवा मान्य पर्यायी चाचणीही पास झाली, की ते व्हेरिफाइड होतं. दोन्ही डिप्लोमांना अशी ५ लागतात: इंग्रजी वाचन, इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान आणि इतिहास-समाजशास्त्र यांत प्रत्येकी एक. वर्गात ‘ए’ मिळूनही चाचणी हुकली तर व्हेरिफाइडचा रकाना रिकामाच राहतो. अशा वेळी विषय पुन्हा शिकायची गरज नसते, चाचणी पुन्हा देता येते. पण ते लगेच उरकावं. दोन वर्षांनी भूमितीची प्रमेयं पुन्हा घोकणं कुणालाच सोपं जात नाही.

मिडल स्कूलमध्ये (सातवी-आठवीत) अल्जिब्रा १ केलं आणि ग्रेड घसरली, तर ती ट्रान्स्क्रिप्टवरून काढून टाकण्याची विनंती पालकांना करता येते. त्यासाठी काउंटीने ठरवलेली मुदत असते, ती चुकवू नका. मात्र ग्रेडसोबत क्रेडिटही जातं. जीपीए (ग्रेडची सरासरी) वाचवण्याच्या नादात गणिताचं एक क्रेडिट कमी झालं, तर ते कुठून भरून काढणार हे आधी ठरवा.

बाकीच्या अटी छोट्या आहेत, म्हणूनच निसटतात. इकॉनॉमिक्स अँड पर्सनल फायनान्स हे एक क्रेडिट सक्तीचं आहे. ते बारावीपर्यंत ढकललं की एपीच्या (कॉलेज पातळीच्या) विषयांशी वेळ जुळत नाही. सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराच्या) प्रशिक्षणात हाताने सराव करावाच लागतो, नुसता व्हिडिओ पाहून भागत नाही. हे बहुधा हेल्थच्या तासाला होतं, त्यामुळे मध्येच शाळा बदललेल्या मुलांचं राहून जातं. फाइन आर्ट्स किंवा सीटीईचं (व्यवसाय व तंत्रशिक्षणाचं) क्रेडिट शाळेच्या वर्गातूनच मिळवायचं असतं. बाहेरचा भरतनाट्यमचा क्लास किंवा रोबोटिक्स क्लब त्यात धरला जात नाही, मुलीने दहा वर्षं कितीही मेहनत घेतली असली तरी. याचं वाईट वाटतं, पण नियम तसा आहे.

मराठीची मेहनत मात्र वाया जाऊ देऊ नका. इंग्रजीच्या एसओएल पास करून दुसऱ्या भाषेत इंटरमीजिएट-मिड किंवा त्याहून वरची पातळी दाखवली, तर डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येत असल्याची अधिकृत मोहर, लागतं. अव्हांट या संस्थेच्या स्टँप भाषाचाचण्यांमध्ये मराठी आहे. आपली शाळा ती मान्य करते का आणि चाचणी कधी घेते, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. घरी बोलणं चांगलं असलेली मुलंही वाचन-लेखनात अडतात, तेव्हा तयारी तिथे करून घ्या.

थॉमस जेफरसन हायस्कूल किंवा लाउडनची अकॅडमी ऑफ सायन्स या विज्ञानाच्या निवडक शाळांत नववीला प्रवेश हवा असेल, तर अर्ज आठवीतच करायचा असतो. नववीत जाऊन चौकशी केली तर त्या वर्षीची फेरी हुकलेली असते. ड्युअल एन्रोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय) घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की त्या विषयांची ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहते, आणि ती क्रेडिट पुढच्या विद्यापीठात न्यायची तर कम्युनिटी कॉलेजकडून वेगळी ट्रान्स्क्रिप्ट मागवावी लागते.

भारतातून दहावी करून येणाऱ्या मुलांचे पालक बहुतेकदा फक्त दहावीची गुणपत्रिका आणतात. नववीचा निकालही लागतो, कारण इथलं हायस्कूल नववीपासून धरलं जातं. इथलं एक क्रेडिट साधारण १४० तासांच्या अध्यापनाचं असतं. म्हणून विषयवार अभ्यासक्रम आणि आठवड्याच्या तासिका शाळेच्या शिक्क्यासह लिहून आणा, आणि प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. अमेरिकेचा इतिहास आणि व्हर्जिनिया-अमेरिका शासनव्यवस्था हे दोन विषय मुलाने तिकडे शिकलेले नसतात, ते इथेच करावे लागतात. त्यांची जागा पहिल्या भेटीतच पक्की करा.

आणि पोटोमॅक ओलांडून मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत घर हलवणार असाल, तर तिथे ७५ तासांची समाजसेवा (एसएसएल) ही डिप्लोमाची अट आहे. उशिरा येणाऱ्यांना तास कमी करून मिळतात. काम धर्मनिरपेक्ष स्वरूपाचं असावं लागतं, त्यामुळे गणेशोत्सवातल्या पूजेच्या तयारीचे तास धरून चालू नका. स्वयंसेवेचं काम सुरू करण्याआधी त्या संस्थेला मान्यता आहे का, हे शाळेच्या एसएसएल समन्वयकाला विचारा. काम संपल्यावर फॉर्मवर पर्यवेक्षकाची सही त्याच दिवशी घ्या.