घरची कोल्ड ब्रू कडू, पाणचट किंवा गढूळ होते तेव्हा

कोल्ड ब्रूची, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून गाळलेल्या कॉफीची, चव बिघडली की लोक आधी भिजवण्याचे तास बदलतात. दोष बहुतेक वेळा पावडरीत असतो, म्हणून तास मोजण्याआधी पावडर चिमटीत घेऊन बघा.

आधी मूळ प्रमाण. 100 ग्रॅम जाडसर कॉफीला 800 मिली पाणी. खोलीत 25 अंशांच्या आसपास असेल तर 12 ते 14 तास, फ्रिजमध्ये 18 ते 20 तास. कॉफी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाती 600 मिलीच्या आसपास अर्क येतो. कमी आला म्हणून काही चुकलं असं नाही. मात्र चमच्याने मोजू नका, वजनकाटाच हवा. जाड आणि बारीक पावडरीचा एकेक चमचा सारख्या वजनाचा नसतो.

कडू, काळीकुट्ट, घशाला लागणारी

पाकीट उलटून वाचा. फिल्टर कॉफीच्या पुष्कळ पाकिटांत चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड असते, 20 टक्के, कधी 40 टक्केसुद्धा. चिकोरी गार पाण्यातही झटकन उतरते आणि रात्रभर भिजली की तिचाच कडवटपणा वर येतो. प्रमाण बदलून हे सुधारत नाही. शंभर टक्के कॉफीच घ्या, शक्यतो मध्यम भाजलेली अरेबिका. चिकमगळूर किंवा कूर्गची सहज मिळते. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात मुळातच जास्त कडू असते.

चिकोरी नसूनही कडू लागत असेल तर पावडर बारीक आहे. कोल्ड ब्रूला इडली रव्याइतका जाड दाणा लागतो. मिक्सरमध्ये घरीच दळायची तर छोट्या भांड्यात एका वेळी 30-40 ग्रॅम बिया घ्या, दोन-दोन सेकंद फिरवून थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर वरचे दाणे अख्खे राहतात आणि खालच्यांची भुकटी होते. मग पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली भुकटी गरम कॉफीला वापरा, चाळणीत राहिलेला जाड भाग भिजवा. एवढ्या एका कामाने कडवटपणा आणि गाळ दोन्ही कमी होतात.

पाणचट किंवा नुसतीच आंबट

इथे अर्क पुरता उतरलेला नसतो. फ्रिजमध्ये ठेवून दहा तासांत गाळली तर हेच होणार. दुसरं कारण कोरड्या गुठळ्या. ताज्या भाजलेल्या कॉफीतून वायू सुटत असतो, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते आणि वरचा थर नीट भिजतच नाही. आधी 200 मिली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं पाणी घाला आणि पुन्हा ढवळा.

पाणीही बघा. बोअरचं जड पाणी कॉफीतला छान आंबूसपणा मारून टाकतं, चव सपाट होते. उलट आरओचं अगदी हलकं पाणी घेतलं तरी कॉफी पोकळ लागते. आरओच्या पाण्यात थोडं नळाचं, उकळून गार केलेलं पाणी मिसळलं की फरक जाणवतो.

गढूळ आणि तळाला गाळ

आधी स्टीलची गाळणी, मग दुहेरी मलमल, शेवटी कागदी फिल्टर. फडकं पिळू नका, पिळलं की बारीक कण थेट अर्कात येतात. टांगून ठेवा, निथळू द्या. फडकं नवं असेल तर खळ जाईपर्यंत साध्या पाण्यात उकळा. साबणाने कधीच धुवू नका, वास राहतो. कागद तुंबत असेल तर अर्क तासभर फ्रिजमध्ये स्थिर ठेवून वरचा निवळ भागच ओता, तळाचं बोटभर सोडून द्या.

उन्हाळा आणि साठवण

एप्रिल-मेमध्ये ओट्यावर भिजवणं टाळा. पस्तीस अंशांत अर्क भराभर उतरतो आणि आंबण्याचा धोकाही वाढतो, तेव्हा फ्रिजच बरा. गाळलेला अर्क काचेच्या स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवा. बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकून द्या. दूध बाटलीत नको, ग्लासातच घाला.

पिताना एक भाग अर्काला एक भाग पाणी किंवा दूध. गार पेयात साखर लवकर विरघळत नाही, म्हणून समभाग साखर-पाण्याचा पाक करून ठेवा. बर्फाने कॉफी पातळ होत असेल तर पाणी घातलेली कोल्ड ब्रूच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि ते खडे वापरा.